हिरवा नव्हे, हिरवट

आधी एकच कार्ड घ्या. मनातच घ्या, हातात असायची गरज नाही. अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच, जाडसर पुठ्ठा. ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीने १९६२ साली च्युइंगगमच्या पाकिटातून विकलेलं बेसबॉल कार्ड. खेळाडूचा फोटो लाकडी फळीवर लावल्यासारखा दिसतो. उजवीकडचा खालचा कोपरा वळून वर आलाय आणि उघड्या पडलेल्या लाकडावर नाव छापलंय. नाव वाचू नका. नाव वाचलं की नजर रंगावरून उडते.

नुसतं बघत बसा. घाई नाही.

आकाश आहे. लाकूड आहे. गालावर ऊन आहे. काही खटकतंय? नाही खटकणार. डोळा फार सांभाळून घेणारा असतो. पांढरा सदरा ट्यूबलाइटखाली असो की भर उन्हात, तो त्याला पांढराच म्हणतो. एकट्या कार्डाबद्दलही त्याची तक्रार नसते.

आता त्याच नंबरचं, पण दुसऱ्या छपाईचं कार्ड शेजारी ठेवा, कडेला कड लावून.

इथे थांबा. पहिल्या कार्डावरचं आकाश आता निळं वाटेना. तळ्याच्या पाण्यासारखं झालंय. लाकडाचा तांबूसपणा उतरलाय आणि गालावरचं ऊन काविळीतून उठलेल्या माणसाचं. कार्ड तेच आहे, त्याला फक्त शेजार मिळाला. साडीच्या दुकानात बायका दोन निळ्या साड्या घेऊन दारापर्यंत जातात ना, दुकानदाराने कितीही ‘ताई, रंग तोच आहे’ म्हटलं तरी? त्या बरोबर करतात.

संग्राहक या कार्डांना ‘ग्रीन टिंट’ म्हणतात. मला विचाराल तर आपला शब्द जास्त नेमका आहे : हिरवट. हिरवा वेगळा, हिरवट वेगळा. तांबडा आणि तांबूस, काळा आणि काळपट, पांढरा आणि पांढुरका. रंग पुरता न आल्याची किंवा नको तिथे आल्याची खूण शब्दाच्या शेपटीतच आहे. एकेक शब्द हळू म्हणा आणि कार्डावरची त्याची जागा शोधा. ‘हिरवट’ टोपीच्या सावलीत सापडेल. ‘तांबूस’ शेजारच्या कार्डाच्या लाकडात.

त्या वर्षीच्या संचात ५९८ कार्डं होती आणि हा हिरवटपणा ११० ते १९६ या नंबरांपुरताच आहे. संच टप्प्याटप्प्याने बाजारात यायचा. म्हणजे ही दुसऱ्या टप्प्यातली कार्डं, तीही दोन छपायांपैकी एकीतली. शाईचं गणित साधं आहे. सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक अशा चार शायांच्या ठिपक्यांतून सगळं चित्र उभं राहतं. मॅजेंटा कमी पडली की सायन आणि यलो मिळून हिरव्याकडे ओढतात. सगळ्यात आधी माणसाची कातडी चुगली करते. पण सगळा दोष शाईवरही टाकता येत नाही. एंजल्स संघाच्या १३२ नंबरच्या कार्डावर एका छपाईत चौकटीतले छोटे फोटो आहेत, दुसऱ्या छपाईत ते नाहीत. एवढा फरक शाईच्या चुकीने पडत नाही.

याच टप्प्यात १३५ ते १४४ ही दहा कार्डं जुना बेसबॉलपटू बेब रूथ याच्यावर आहेत. १९४८ साली वारलेला माणूस १९६२ साली काही पाकिटांतून हिरवट होऊन बाहेर पडला.

आता कार्ड उलटं करा. समोरच्या बाजूचा हिरवटपणा छपाईचा की वर्षांचा, हा प्रश्न इथे विचारायचा. कागद म्हातारा होताना पिवळट होतो, आणि तो दोन्ही बाजूंनी होतो. उन्हाची तऱ्हा वेगळी. दुकानाच्या काचेत वर्षानुवर्षं लटकलेली जाहिरात आठवा. तिच्यातले लाल-पिवळे रंग उडतात आणि चेहरे निळे पडत जातात. अशी उन्हात विटलेली कार्डं कुणी दुर्मिळ म्हणून दाखवली तर हसून परत करावीत.

आणखी एक कार्ड घेऊ, मग पुरे. टॉप्स, १९६९, नंबर ५००, मिकी मँटल. १ मार्च १९६९ रोजी या बेसबॉलपटूने निवृत्ती जाहीर केली, आणि हे कार्ड त्याच वर्षीचं. नेहमीच्या छपाईत त्याचं आडनाव पिवळ्या अक्षरांत आहे, थोड्या कार्डांवर पांढऱ्या. पांढऱ्याला भाव जास्त. पण पांढरी शाई वापरलेलीच नाही. अक्षरांच्या जागी पिवळी शाई उतरायची राहिली, एवढंच.

भिंग घ्या आणि त्या आडनावावर आणा. आधी भोवतीच्या वर्तुळाची शाई दिसेल, मग एका अक्षराची कड. कड ओलांडा आणि आत थांबा. आत शाईचा एकही ठिपका नाही. नुसता कागद आहे, त्याचे बारीक तंतू आहेत. डोळा स्थिरावू द्या. कार्ड जपलेलं असलं तरी पन्नासहून जास्त वर्षांचं आहे. तो कागदही आता अगदी पांढरा राहिलेला नाही. किंचित पिवळसर झालाय.