पेशीच्या मनगटावर घड्याळ नाही

नागपूरच्या रामदासपेठेत सेंट्रल बाजार रोडवर ‘नीट’च्या एका क्लासच्या फलकावर पेशीचक्राचं चित्र घालून खाली उपदेश केलाय: पेशी ठरल्या वेळात दुप्पट होते, वेळापत्रक चुकवत नाही. पोरांना शिस्त जरूर लावा, पण त्यासाठी पेशीला वेठीला धरू नका. निदान जिवाणू तरी असलं वेळापत्रक पाळत नाहीत.

1958 साली कोपनहेगनमध्ये शेख्टर, मालो आणि केल्डगार्ड या संशोधकांनी साल्मोनेला या जिवाणूवर दाखवलं की अन्न जितकं सकस आणि वाढ जितकी वेगवान, तितकी पेशी सरासरीने मोठी. 1968 मध्ये कूपर-हेल्मस्टेटर आणि डोनाकी यांनी त्याची सांगड डीएनएच्या प्रतिकृतीशी घातली. इथवर फारसा वाद नाही. पण हा हिशेब सगळा घोळक्याच्या सरासरीचा होता. एकेकटी पेशी काय करते, ते त्यात दिसत नव्हतं.

2010 मध्ये ‘मदर मशीन’ हे उपकरण आलं. अरुंद नळ्यांत अडकवलेली एकेक पेशी पिढ्यान्‌पिढ्या मोजता येऊ लागली आणि 2014-15 मध्ये बेरजेचा नियम पुढे आला: जन्मताना पेशी लहान असो वा मोठी, विभाजनापर्यंत ती साधारण सारखीच भर घालते. (गणितात ही कल्पना 1993 पासूनच होती, हे सोयीस्कररीत्या विसरलं जातं.) गैरसमज होतो तो इथेच. भर ठरावीक, म्हणजे वाढ सरळ रेषेत, असं अनेकजण धरून चालतात. तसं नाही. वाढ चक्रवाढच असते. ठरावीक असते ती फक्त एका चक्रातली भर.

आकडे घालून बघा. लांबी 60 मिनिटांत दुप्पट होण्याचा वेग आणि भर 2 मायक्रॉन धरा. 3 मायक्रॉनची पेशी 5 वर पोचते सुमारे 44 मिनिटांत. दीड मायक्रॉनची साडेतीनवर पोचायला 73 मिनिटं घेते. वेग तोच, वेळ वेगळी, आणि नेमक्या दुप्पट दोघीही झाल्या नाहीत. त्यांच्या लेकी जन्मतात अडीच आणि पावणेदोनच्या. म्हणजे जन्मावेळच्या सरासरी लांबीपासूनचं (तीही भरीइतकीच, 2) अंतर एका पिढीत निम्मं झालं. घड्याळ लावून दुप्पट व्हायचं असतं तर तिनाची तीनच राहिली असती आणि दर पिढीची बारीकसारीक चूक साचत गेली असती.

बरं, हा नियमही काही पेशीला दिलेला हुकूम नव्हे. विभाजनासाठी लागणारं एफटीएसझेड हे प्रथिन पुरेसं साठलं की पेशी दुभंगते. त्याचं उत्पादन मुद्दाम कमीजास्त केलं तेव्हा नियमच मोडला, हे 2019 मध्ये दिसलं. पुण्याच्या आयसर या संशोधन संस्थेत चैतन्य आठले यांच्या गटाने 2017 मध्ये ई. कोलाय या जिवाणूच्या लांबीतली विविधता मोजली. तासाला एका विभाजनाहून मंद वाढीत ती स्थिर राहते. त्यापुढे वेग वाढेल तशी तीही वाढते. पोरांना पळवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

माणसाच्या पेशीचं गणित तर याहून गुंतागुंतीचं. अकरावीच्या ‘एनसीईआरटी’त तिच्या चक्राला 24 तास दिलेत, पण ‘अंदाजे’ म्हणून. गुरुजी, तो शब्दही फळ्यावर लिहा.