झिजलेल्या चाकाची विचारपूस

रिमोटच्या जुन्या गाडीचं चाक हातात आलं की बहुतेकांचा हात आधी वॉटर पेपरकडे जातो. घासून गुळगुळीत करू, वर रंग मारू, झालं. माझं म्हणणं एवढंच, की वॉटर पेपर थोडा वेळ बाजूला राहू दे. चाक उजेडात धरावं आणि ते कुठे झिजलंय, कशाचं बनलंय, हे आधी बघावं. या दोन गोष्टी कळल्याशिवाय त्याला हात लावणं मला पटत नाही.

झीज बरंच काही सांगते. टायर फक्त आतल्या काठाला गुळगुळीत झाला असेल तर चाक तिरकं उभं राहतंय, म्हणजे सस्पेन्शनकडे बघायला हवं. रिमच्या बाहेरच्या कडेवर ओरखडे असतील तर गाडी बऱ्याचदा कुशीवर पडलीय. पण सगळ्यात बोलकी जागा चाकाच्या पाठीमागे असते. तिथे सहा कोनांची खाच असते आणि तिच्यात अ‍ॅक्सलवरचा षट्कोन बसतो. हल्लीच्या १/१० मापाच्या बहुतेक गाड्यांत तो १२ मिलिमीटरचा असतो. मोटरचा सगळा जोर त्याच्या सहा कोपऱ्यांतूनच चाकात उतरतो. बाहेरचा नट जरासा सैल राहिला की गाडी सुटताना आणि थांबताना षट्कोन खाचेत पुढे-मागे आपटत राहतो. कोपरे हळूहळू बोथट होतात आणि एक दिवस मोटर फिरते, अ‍ॅक्सल फिरतो, चाक मात्र जागचं हलत नाही. नवं चाक आणून त्याच सैल नटाखाली बसवलं तर तेही त्याच वाटेने जाणार.

दुसरा प्रश्न, चाक कशाचं. वैद्य प्रकृती पाहून औषध देतो, तसंच इथेही आहे. दोन पांढरी चाकं शेजारी ठेवली तर दिसायला सारखी, पण एक एबीएस प्लास्टिकचं आणि एक नायलॉनचं असू शकतं. नायलॉन बोटांना किंचित मेणचट, निसरडं लागतं. एबीएस कोरडं आणि टणक असतं. काही चाकांच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं. फेव्हीक्विकने चिकटवलेला टायर सोडवायला अ‍ॅसिटोन उत्तम, पण ते नायलॉनच्या चाकासाठी. एबीएसचं चाक त्यात टाकलं तर ते मऊ होऊन विरघळायला लागतं. उकळत्या पाण्याचंही तसंच. एबीएस त्यात वाकडं होऊ शकतं. नायलॉनला मात्र तेच पाणी मानवतं, कारण नायलॉन पाणी शोषून घेतं. वर्षानुवर्षं कपाटात सुकून ठिसूळ झालेलं नायलॉनचं चाक पाण्यात सावकाश उकळलं की त्याची लवचीकता बरीचशी परत येते आणि दगडावर आपटल्यावर ते तडकत नाही. पिवळं पडलेलं असेल तर नायलॉनला चालणारा कापडाचा रंग त्याच गरम पाण्यात घालता येतो. तो आत मुरतो, त्यामुळे वरून मारलेल्या रंगासारखे त्याचे पोपडे निघत नाहीत. पिवळ्यावर पुन्हा पांढरं चढत नाही, पण काळं छान चढतं.

चकचकीत चाकांची गोष्ट निराळी. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ ही आपली पहिली रिमोटची गाडी काढली आणि पुढे १९८७ मध्ये लंच बॉक्स. पिवळी, ठेंगणी व्हॅन, तिला भलेमोठे टायर आणि चांदीसारखी चमकणारी चाकं. पुढची चाकं उचलून मागच्या दोन चाकांवर पळणं हा तिचा स्वभाव, त्यामुळे आपटणंही ओघाने आलं. अशा चाकांवरच्या चकाकीला सगळे क्रोम म्हणतात, पण ते असतं अ‍ॅल्युमिनियम. निर्वात पेटीत अ‍ॅल्युमिनियम तापवून त्याची वाफ प्लास्टिकवर बसवतात. खाली लाखेचा गुळगुळीत थर, वर पारदर्शक थर आणि मधे धातू, एका मायक्रॉनहूनही पातळ. म्हणूनच ब्रासोने चाक उजळायला जाणारा माणूस ते उजळत नाही, उरलंसुरलं तेज पुसून टाकतो. फार तर ओल्या मऊ फडक्याने धूळ टिपावी, बस्स.

कडेने मुलामा गेलाच असेल तर डागडुजी करू नये, चारही चाकांचा पूर्ण उतरवावा. घरातल्या ब्लीचमध्ये चाक बुडवून ठेवलं की बारीक बुडबुडे येऊ लागतात आणि अ‍ॅल्युमिनियम विरघळून जातं. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड त्या ब्लीचच्या आसपासही आणू नये, त्यातून विषारी वायू निघतो. नंतर चाक धुऊन, वाळवून, त्यावर चकचकीत काळा रंग आणि तो पूर्ण सुकल्यावर क्रोम रंगाचा अगदी विरळ हात. कारखान्याची झळाळी घरी येत नाही, हे आधीच मान्य करावं. जवळ जाता येतं, आणि मला तेवढं पुष्कळ वाटतं.

गोल झालेल्या खाचेवरही इलाज आहे. एबीएसची खाच वॉटर पेपरने खरखरीत करून तिच्यात एम-सील दाबायचं, षट्कोनाला व्हॅसलीनचा पातळ हात लावून तो सरळ आत बसवायचा आणि रात्रभर राहू द्यायचं. सकाळी षट्कोन अलगद सुटतो आणि मागे सहा धारदार कोपरे उभे असतात. हलक्या मोटरच्या गाडीला हे पुरतं. जोरकस मोटर असेल तर नवं चाकच आणावं, त्यात कमीपणा नाही. नायलॉनवर एम-सील धरत नाही, तिथे हा खटाटोप करूच नये.

आणि काम झालं की गाडी काचेच्या कपाटात ठेवू नये. अंगणात घेऊन जावी, एक बॅटरी संपेपर्यंत पळवावी आणि मग चारही नट पान्याने पुन्हा एकदा तपासावेत, कारण नव्याने बसवलेलं चाक पहिल्या फेरीतच जरासं सैल होतं.