दिवा पेटविल्यानंतर

परिचर्या विद्यालयातील दीपप्रज्वलनाचा सोहळा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. हाती दिवा घेऊन मुली शपथ घेतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने ओळखली जाणारी ही शपथ त्यांनी स्वतः लिहिलेली नाही. ती १८९३ साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे तयार झाली. तिच्या मूळ पाठात एकाच वाक्यात दोन वचने आहेत: डॉक्टरांना निष्ठेने साहाय्य करण्याचे आणि हाती सोपविलेल्या रुग्णांच्या कल्याणास वाहून घेण्याचे. ही वचने एकमेकांच्या आड आली तर काय करावे?

हा प्रश्न आमच्या धरमपेठेतील घरीच उभा राहिला. नुकतीच नोकरीस लागलेली नात्यातील एक मुलगी रविवारी मिस्सेनंतर आमच्याकडे आली होती. रात्रपाळीत एका वृद्ध मधुमेही रुग्णाच्या कागदावर तिने इन्सुलिनचे प्रमाण वाचले. आकड्यापुढे युनिटसाठी लिहिलेला इंग्रजी ‘यू’ घाईत शून्यासारखा उमटला होता. चार की चाळीस? वरिष्ठ सिस्टर म्हणाल्या, ‘‘चाळीसच आहे, देऊन टाक.’’ तिने घरी गेलेल्या डॉक्टरांना फोन केला. उत्तर आले, ‘‘चार.’’ अनर्थ टळला. पण सकाळी, ‘आम्हांला ओलांडून परस्पर फोन का केलास?’ म्हणून बोलणी तिलाच खावी लागली. ‘‘मावशी, माझं चुकलं का?’’ तिने विचारले.

आज्ञापालन हा आपण सद्गुण मानतो, आणि तो आहेच. शिस्तीवाचून रुग्णालय चालत नाही. अननुभवी मुलीची प्रत्येक शंका खरी ठरते असेही नाही. तथापि दोन चुकांचे मोल सारखे नसते. शंका खोटी ठरली, तर कोणाची तरी झोप मोडते. मौन चुकीचे ठरले, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो, आणि त्याला तर कोणी विचारलेलेही नसते.

नेतृत्व म्हटले की आपल्याला खुर्ची आठवते. पण रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार खुर्चीतून येत नाही. तो सेवेतून येतो. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी प्राणघातक हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत तेथील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांना दयामरण द्यावे ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क त्यांना सांभाळणाऱ्या के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने मानले. अरुणाताई धडधाकट असताना ज्यांनी त्यांना कधी पाहिलेही नव्हते, अशा तरुण परिचारिकांनी हा वारसा पुढे चालविला.

हे धैर्य पदवीबरोबर आपोआप येत नाही. ते शिकवावे लागते. काय घडले, रुग्णाची पूर्वपीठिका काय, मला काय वाटते आणि काय हवे आहे, एवढे चार मुद्दे मांडून डॉक्टरांशी बोलण्याची रीत शिकविता येते. फोनवरील आदेश लिहून घेऊन परत वाचून दाखविण्याची सवय लावता येते. वॉर्डातील फेरीच्या वेळी नव्या मुलीच्या हाती केवळ फाइल न देता, ‘‘तुला काय दिसलं?’’ असे विचारता येते. ज्या वरिष्ठ सिस्टर हे विचारतात, त्या उद्याची सिस्टर घडवितात.

आणि आपण पालक? ‘मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस’ असे ज्या मुलीला वीस वर्षे सांगितले, तिने एका रात्रीत वरिष्ठांना प्रश्न विचारावा, अशी अपेक्षा आपण कशी करणार?

आम्ही तिला म्हणालो, ‘‘फोन केलास ते योग्यच केलंस. फक्त पुढच्या वेळी सिस्टरना आधी सांग: ‘मला खात्री नाही, मी विचारून घेते.’ त्या रागावल्या तरी विचार.’’