दार असलेली खोली

वरळीच्या बीडीडी चाळींत गप्पांसाठी वेगळी जागा कुणी आखली नव्हती. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात उभारलेल्या या १२१ चाळी. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. मधून पॅसेज, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं आणि संडास सामायिक. माणसं बोलायची ती या पॅसेजमध्ये. दाराशी चपला दिसल्या की आत कोण आलंय ते कळायचं, दार लोटलेलं असलं की आत्ता नको, हेही कळायचं. जो त्या वेळी तिथे असे तो बोलण्यात असे. तो निघाला की बोलणं त्याच्या मागे येत नसे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी इथल्या ५५६ कुटुंबांना म्हाडाच्या चाळीस मजली इमारतींमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांनी स्वतःचा संडास मिळणं हा न्यायच आहे. पण पॅसेजमधलं बोलणं आता कुठे जाणार? आज नव्या इमारतींत या प्रश्नाला ठरलेलं उत्तर असतं ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं. ते अपुरं आहे. पुरेसं उत्तर इंटरनेटच्या माळ्यावर पडून आहे, ते म्हणजे चॅटरूम.

ऑगस्ट १९८८मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी इंटरनेट रिले चॅट, म्हणजे आयआरसी, तयार केलं. त्याच्या चॅनलमध्ये, म्हणजे चॅटरूममध्ये, शिरलं की आत कोण कोण आहे याची यादी दिसे. कुणी आलं, कुणी गेलं की तशी एक ओळ उमटे. आपण येण्याआधी काय बोलणं झालं ते दिसत नसे, आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की तो चॅनलच नाहीसा होई. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं आणि पुढे सायबर कॅफेंमधून याहूच्या चॅटरूम गजबजल्या. मराठी माणसांनी या कल्पनेला आपलं रूपही दिलं. १९९६मध्ये सुरू झालेल्या ‘मायबोली’वर ‘वाहती पानं’ आली. तिथे नवं बोलणं आलं की जुनं वाहून जातं. हजेरी दिसणं आणि बोललेलं विरून जाणं, या पॅसेजच्याच दोन खुणा आहेत.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये नेमक्या याच दोन गोष्टी सहसा नसतात. कुणीतरी नंबर टाकतं आणि माणूस आत असतो, जागा असो वा झोपलेला. १,०२४ जणांच्या ग्रुपात या क्षणी ऐकणारे किती, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. लिहिलेलं बहुतेक सगळं गैरहजर माणसांचीही वाट पाहत पडून राहतं, म्हणून शहाणी माणसं जपून लिहितात किंवा लिहीतच नाहीत. मग उरतात वाढदिवस, सुप्रभात आणि फॉरवर्ड. लिफ्ट बंद पडल्याची तक्रार सकाळी येते, तिला उत्तर दुपारी मिळतं, आणि रात्रीपर्यंत तिच्यावर तीन वेगळे विषय चढलेले असतात. समोरासमोर दहा मिनिटांत मिटलं असतं ते दिवसभर चिघळतं. सोडून जावं, तर रुसल्यासारखं दिसतं. ग्रुप निरोप पोचवतो. संभाषणाला मात्र एकाच वेळी हजर असलेली माणसं लागतात.

यावर पहिला आक्षेप असा, की चाळीतलं बोलणं टंचाईतून आलेलं होतं, त्यात खासगीपण नव्हतं आणि बायकांच्या येण्याजाण्यावर पॅसेजभर डोळे असत. हे खरं आहे. म्हणूनच पॅसेज जसाच्या तसा परत नको. आपल्या मनाने शिरता येईल आणि निघता येईल अशी खोली हवी. दुसरा आक्षेप उपद्रवाचा. खोट्या नावांनी छळणाऱ्यांमुळे अनेकांनी चॅटरूम सोडल्या. याहूनेही लोकांनी उघडलेल्या खोल्या २००५मध्ये आणि उरलेल्या २०१२मध्ये बंद केल्या. पण तिथे कुणीच कुणाचं शेजारी नव्हतं. शेजारी एकमेकांना नावाने ओळखतात, आणि त्रास देणाऱ्याला बाहेर काढण्याचा अधिकार आयआरसीच्या चॅनलचालकाकडे असतो. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: ज्याची रात्रपाळी आहे त्याने काय करायचं? त्याचा हक्क निर्णयावर आहे, आणि निर्णयाची जागा सोसायटीची सभा, तिचं इतिवृत्त आणि सूचनाफलक हीच. खोलीत काहीही ठरवायचं नाही, हा नियम आधी पाळावा लागेल. मग गैरहजर माणसाच्या हातून फक्त गप्पा निसटतील. त्या पॅसेजमध्येही निसटत असत, आणि दुसऱ्या दिवशी नव्या सुरू होत असत.

यासाठी लागणारी व्यवस्था लहान आहे. एका इमारतीला एक खोली, रात्री नऊ ते दहा, काहीही साठवायचं नाही, आणि पाळीपाळीने दोन रहिवासी चालक. आयआरसी आजही चालू आहे आणि त्याची साधनं फुकट मिळतात. शंभर वर्षांपूर्वी नकाशात पॅसेज निघाला तो जाण्यायेण्यासाठी. त्याची बोलण्याची जागा केली ती माणसांनी. चाळीस मजल्यांच्या नकाशात ती जागा आपोआप उगवणार नाही. या वेळी ती रहिवाशांनाच आखावी लागेल.