कोप देवाचा, मग औषध कशाला?

1527 च्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या विटेनबर्ग गावात प्लेग शिरला. विद्यापीठानं गाशा गुंडाळला, प्राध्यापक आणि विद्यार्थी येनाच्या वाटेला लागले. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनंही गाव सोडावं, असा राज्यकर्त्याचा आदेश होता. ल्यूथर राहिला. पत्नी कॅथरिना गरोदर, घरात वर्षाचं मूल, आणि तेच घर बघता बघता रुग्णांनी भरून गेलं. ब्रेस्लाऊच्या पाद्र्यांनी त्याला विचारलेला प्रश्न उत्तराची वाट पाहत होता: जीवघेण्या साथीतून ख्रिस्ती माणसानं पळून जावं का?

आज हा प्रश्न भाबडा वाटेल. त्या काळी तो काळजात रुतलेला होता. साथ ही पापाची शिक्षा आहे, हे चर्चमध्ये सांगितलं जाई आणि वैद्यांनाही ते मान्य असे. त्यांच्या मते शनी, गुरू, मंगळ यांच्या युतीनं हवा नासते, नासलेल्या हवेनं शरीरातले रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त हे चार द्रव बिघडतात आणि माणूस आजारी पडतो. रक्तमोक्षण, रेच, सुगंधी धुरी हे उपाय या शेवटच्या पायरीसाठी. पण सगळ्यात वरच्या पायरीवर देव उभा होता. शिक्षा त्यानं दिली असेल, तर ती चुकवणं हे बंड नव्हे का?

ल्यूथरचं उत्तर वाचताना त्याच्यातला कुटुंबवत्सल माणूस दिसतो. ज्यांच्यावर कुणी विसंबून आहे, त्यांनी हलू नये: पाद्री, गावचे अधिकारी, वैद्य, आईबाप. ज्यांची जागा दुसरा कुणी घेऊ शकतो, त्यांनी खुशाल जावं. जीव वाचवण्याची ओढ देवानंच दिली आहे. औषध घ्यावं, घराला धुरी द्यावी, गरज नसेल तिथे जाऊ नये. देव राखेल असं म्हणत औषध नाकारणारा माणूस श्रद्धाळू नव्हे, तो देवाची परीक्षा पाहतो, असं त्यानं लिहिलं. घराला आग लागली तर ती आपण विझवतोच ना, असाही त्याचा सवाल होता. ‘रोग का आला’ हे कोडं त्यानं सोडवलं नाही. तो देवाचा हात मानतच राहिला. त्यानं प्रश्नाचं तोंड मात्र फिरवलं: शेजाऱ्याला माझी गरज आहे का? त्या शतकातलं याहून शहाणं उत्तर शोधावं लागेल. डिसेंबरमध्ये त्याच्या घरी मुलगी जन्मली, एलिझाबेथ. ती वर्षभरही जगली नाही.

तिकडे एड्रियाटिक समुद्राकाठच्या व्यापारी शहरांनी धर्मशास्त्राची वाट न पाहता नियम केले होते. रागुसानं, म्हणजे आजच्या डुब्रोव्हनिकनं, 1377 मध्ये साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना शहराबाहेर 30 दिवस थांबवायला सुरुवात केली. व्हेनिसनं 1423 मध्ये खाडीतल्या एका बेटावर प्लेगच्या रुग्णांसाठी कायमचं रुग्णालय उभारलं. पुढे 30 चे 40 झाले आणि ‘क्वारंटाइन’ हा शब्द त्या चाळिसावरूनच आला. चाळीसच का? जुन्या ग्रीक वैद्यकात चाळिसावा दिवस मोलाचा होता, आणि येशूचा अरण्यातला उपासही चाळीस दिवसांचा. व्यापाऱ्याला खोळंबा सोसायला लावायचा, तर त्याच्या मनात आधीच पवित्र असलेला आकडा सोयीचा ठरला असणार.

वैद्यक एका बाजूला आणि धर्म दुसऱ्या बाजूला, असं सोपं चित्र रंगवायचा मोह होतो. व्हेनिस ते टिकू देत नाही. 1576 मध्ये पादुआ विद्यापीठाचे नामांकित प्राध्यापक तिथे आले. त्यात जिरोलामो मर्कुरिआले होता. शहरात पसरतोय तो प्लेग नव्हेच, असा निर्वाळा त्यांनी दिला. प्लेगचं चित्र ग्रंथातून त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं, समोरचे रुग्ण त्यात बसेनात. ही साथ ओसरेपर्यंत शहरातले सुमारे 50 हजार लोक मेले. चूक भोळ्या भाविकांची नव्हती, पंडितांची होती. त्याच वर्षी व्हेनिसच्या सिनेटनं नवस बोलला आणि वास्तुरचनाकार पल्लादिओनं आखलेलं रेदेंतोरे चर्च त्यातून उभं राहिलं. घरं बंद करणारं आणि नवस बोलणारं सरकार एकच होतं.

मिलानमध्ये त्याच साली आर्चबिशप कार्लो बोरोमेओ गळ्यात दोर बांधून, अनवाणी, प्रायश्चित्ताच्या मिरवणुकीत चालला. गर्दी जमवणं धोक्याचं होतं, ही बोच त्याच्या थोरवीबरोबर वागवावीच लागते. पण लोक घरात कोंडले गेले, तेव्हा त्यानंच चौकाचौकात वेदी उभारल्या. प्रार्थना खिडकीतून व्हावी, कुणी खाली उतरू नये.

हीच सरमिसळ त्याआधीही दिसते. वेरोनाचा वैद्य फ्राकास्तोरो यानं 1546 मध्ये रोगाची ‘बीजं’ असतात असं मांडलं. ती स्पर्शातून, कपड्यांतून आणि दुरूनही पसरतात, असं तो म्हणाला. ग्रहांवरचा विश्वास त्यानं सोडला नव्हता. पुढच्याच वर्षी त्याच्या सल्ल्याचा आधार घेऊन कॅथलिक चर्चची ट्रेंटमधली धर्मपरिषद साथीच्या भीतीनं बोलोन्याला हलली.

या प्रश्नाची सगळ्यात कडवट बाजू मात्र गोव्यात दिसते. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता 1534 मध्ये इथे आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याचं जाणं-येणं होतं, हकीम आणि वैद्यांशी तो चर्चा करी. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूपी ग्रंथात त्यानं सांगून टाकलं, की स्पेनमध्ये असतो तर प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनविरुद्ध बोलायची हिंमत झाली नसती. चारच वर्षांनी गोव्यातल्या धर्मपरिषदेनं ख्रिस्ती लोकांना परधर्मीय वैद्यांकडे जायला बंदी केली. औषध घ्यावं की नाही, हा प्रश्न मागे पडला होता. ते कुणाच्या हातचं, एवढंच पाहिलं जाऊ लागलं. ल्यूथरनं शेजाऱ्याकडे वळवलेलं तोंड इथे उलट फिरलं, आणि त्याची किंमत बिछान्यावरच्या रुग्णानं मोजली.

ओर्ता जन्मानं ज्यू घराण्यातला. 1568 मध्ये तो वारला. पुढच्या वर्षी त्याची बहीण कॅटरिना हिला इन्क्विझिशननं, म्हणजे छुपे ज्यू आणि पाखंडी शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयानं, जाळलं. 1580 मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली.

ग्रंथ उरला. त्यात पटकीचं वर्णन आहे: खोल गेलेले डोळे, बुडती नाडी, पायांत गोळे. रोगाचं नाव त्यानं इथल्या लोकांच्या तोंडून घेतलं आहे, ‘मोर्शी’. पोट बिघडलं की आपल्या आज्या म्हणायच्या ती मोडशीच. त्या संवादात दोघे बोलत असताना मोर्शीच्या एका रुग्णाकडून बोलावणं येतं. ओर्ता बोलणं अर्ध्यावर सोडतो आणि निघतो.