चौथा गुरू आणि सस्पेन्स खातं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मी कीर्तनकार नव्हे की शास्त्री नव्हे. बी.कॉम. होऊन ३४ वर्षं बँकेत लेजर लिहिलं आणि निवृत्तीनंतर शिरोळ तालुक्यातली घरची सव्वा एकर उसाची शेती बघतोय. पण एक प्रश्न मनातून जात नाही म्हणून लिहायला बसलो.

पौर्णिमेला नृसिंहवाडीला जायचं, संगमावर स्नान करायचं, ओंजळभर पाण्याचं आचमन करून मग पादुकांचं दर्शन घ्यायचं, हा आमच्या घरचा परिपाठ. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ओंजळ तोंडाजवळ नेली आणि हात थांबला. पाण्याला वास येत होता. ते मी डोक्याला लावलं आणि सोडून दिलं. शेजारी नात उभी होती. म्हणाली, "आजोबा, देवाचं पाणी ना? मग प्यायला का नाही?" मी काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली.

घरी आल्यावर मंडळी म्हणाल्या, "नदी कधी बाटत नाही, तुमची श्रद्धाच कमी पडली." असेलही. पण मला ते पटेना, म्हणून पुन्हा अवधूतांच्या चोवीस गुरूंकडं वळलो. भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला अवधूत आपले गुरू सांगतात. पृथ्वी, वायू, आकाश आणि चौथं पाणी. पाणी स्वभावतः निर्मळ, मधुर, दुसऱ्याला शुद्ध करणारं, म्हणून ते गुरू. आजवर मी हे वाचून माणसानं पाण्यासारखं व्हावं एवढाच अर्थ घेत होतो. आता वाटतं, गुरू म्हटलं की शिष्याकडं काही देणं लागतं. गुरूच्या अंगावर घाण टाकायची आणि वर गुरू कधी मळत नाही म्हणायचं, ही कसली गुरुभक्ती?

आपली पंचगंगा म्हणजे काही गंगा-गोदावरी नव्हे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, आणि गुप्त मानलेली सरस्वती, यांची मिळून प्रयाग चिखलीला ती होते आणि जेमतेम ८० किलोमीटर वाहून वाडीला कृष्णेत मिळते. एवढ्याशा वाटेत तिच्यावर शहरांचं सांडपाणी, कारखान्यांची मळी, कापड प्रक्रियेचं रंगीत पाणी असा सगळ्यांचा भार. त्याबद्दल आपण तावातावानं बोलतो आणि बोलायलाच पाहिजे. १९७४चा जलप्रदूषण कायदा आहे, पाईपचं तोंड सापडलं की नोटीस काढता येते. पण माझ्या सरीला पाईपचं तोंड नाही. मला नोटीस कोण काढणार?

आम्ही उसाला पाटानं पाणी सोडतो, सोडतो म्हणजे रात्रभर सोडून झोपतो. बाळभरणीला, मोठ्या भरणीला युरिया टाकताना 'असू दे अजून एक पोतं' म्हणून हात सैल सोडतो. त्यातलं सगळं नत्र काही उसाला लागत नाही; काही हवेत उडतं, काही पाण्याबरोबर ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला जातं. उन्हाळ्यात बंधाऱ्यांना बरगे घातलेले, पाणी तुंबलेलं. त्या खतावर केंदाळ माजतं, कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं आणि मासे पोट वर करून तरंगतात. मासा हासुद्धा त्या चोविसांतलाच एक गुरू, बरं का.

बँकेत पाच रुपयांचा फरक आला तरी रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत बसून शोधायचो. नाहीच सापडला तर ती रक्कम सस्पेन्स खात्यात टाकायची. पण तिथं ती कायमची राहत नाही, कधीतरी कुणाच्या तरी नावावर टाकून खातं साफ करावंच लागतं. आपण नदीला सस्पेन्स खातं केलंय. ज्याचा हिशोब कुणाच्या नावावर नको, ते सगळं तिच्यात. पावसाळ्यात तीच नदी देवळात येते, पादुकांवरून जाऊन दक्षिणद्वारातून बाहेर पडते आणि आपण त्या पाण्यात स्नानाला धावतो. त्यात माझ्या ओढ्याचं पाणी असतंच की.

आता माझ्या नावावरची एक जुनी नोंद सांगतो. माझ्या आणि खालच्या शेजाऱ्याच्या रानामधून एक ओघळ ओढ्याला जायची. १९९८ साली मी ती बुजवली आणि चार सऱ्या वाढवल्या. वर्षाला तीन-एक टन ऊस, आजच्या दरानं नऊ-दहा हजार रुपये. निचरा बंद झाला. काळं रान, वरून भरमसाठ पाणी. जमिनीतलं पाणी वर चढत गेलं आणि त्याबरोबर क्षारही. शेजाऱ्याचं खालचं टोक पांढरं पडलं, चोपण झालं. तिथं आता लव्हाळा तेवढा उगवतो.

ओघळ पुन्हा उकरली की झालं, असं वाटलं होतं. पण मग लक्षात आलं, त्याचं रान सुटेल आणि माझा युरिया मात्र आजच्यापेक्षा लवकर नदीत पोचेल. म्हणजे एकाचं देणं फेडताना दुसरीच्या नावावर टाकायचं. म्हणून आधी माती तपासून घेतली. खत कमी केलं, ठिबक घातलं. त्याला पैसे गेले, मुलगा कुरकुरला. ऊस कमी येईल ही धास्ती आहेच, खोटं कशाला बोलू?

यंदा ऊस माघात तुटेल. मग खोडवा फुटायच्या आत ओघळ मोकळी करायची. जेसीबीवाल्याशी बोललोय. शेजाऱ्याकडं मात्र अजून गेलो नाही. इतकी वर्षं तो दसऱ्याला सोनं घेऊन माझ्या दारात येतो आणि त्या ओघळीबद्दल अवाक्षर काढत नाही. ती कुणी बुजवली हे त्याला माहीत नसेल, असं तरी कसं म्हणू?