दयेस अपात्र कोण?

मनुष्यास मारण्यांत आनंद मानणें हें पाप आहे, याविषयीं सुधारलेल्या समाजांत दुमत नाहीं. रणांगणावर शत्रूस मारणारा शिपाईही 'कर्तव्य केलें' असें म्हणतो. 'मौज केली' असें म्हणत नाहीं. परंतु हीच मौज घरबसल्या, चहाचा पेला हातांत धरून लुटण्याची सोय गेल्या अर्धशतकांत झालेली आहे. आणि तिचा लाभ घेणारे लोक आपल्यासारखेच सभ्य, कुटुंबवत्सल व पापभीरु आहेत. आम्ही हें 'झाँबी' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या चित्रपटांविषयीं बोलत आहों. मेलेलीं माणसें उठून चालूं लागतात, जिवंतांचे लचके तोडतात. ज्यास तीं चावतात तोही मरून त्यांच्यांत सामील होतो. आणि उरलेलीं मूठभर माणसें त्यांच्या डोक्यांत गोळ्या घालीत सुटतात. पडणाऱ्या प्रत्येक देहास मनुष्याचा चेहरा असतो. तरी पाहणाराच्या मनास टोचणी लागत नाहीं. ती कां लागत नाहीं, आणि न लागणें योग्य कीं अयोग्य, एवढाच आमच्यापुढील प्रश्न आहे.

या संप्रदायाचा मूळ ग्रंथ म्हणजे जॉर्ज रोमेरो या अमेरिकन दिग्दर्शकाचा १९६८ सालचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा कृष्णधवल चित्रपट. पेनसिल्व्हानिया प्रांतांत पिट्सबर्गच्या आसपास, सव्वा लाख डॉलरांहूनही कमी खर्चांत तो तयार झाला. प्रदर्शनापूर्वीं नांव बदलतांना पडद्यावरील स्वामित्वहक्काची ओळ गळून पडली, आणि त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणें चित्रपटावर कोणाचाच हक्क उरला नाहीं. पुढें व्हिडिओच्या फिती निघाल्या तेव्हां ज्यास हवें त्यानें त्याच्या प्रती काढल्या. मागाहून तबकड्या आल्या, त्यांवरही तो आला. अशा रीतीनें स्मशानांतून उठलेलीं हीं प्रेतें घरोघर शिरलीं. असल्या फितींचें भय ब्रिटनमध्यें तर इतकें वाढलें कीं १९८४ सालीं तेथें त्यांच्यासाठीं स्वतंत्र कायदा झाला.

कायदा मागणाऱ्यांचें म्हणणें असें कीं हे चित्रपट पाहून लोक हिंसक होतील. आम्हांस ही शंका फारशी पटत नाहीं. राक्षसवधाच्या कथा ऐकत आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. म्हणून त्यांनीं शेजाऱ्यावर शस्त्र उचललें नाहीं. उलट, चित्रपटाचे कैवारी म्हणतात: तीं माणसें नव्हेतच, त्यांस वेदना नाहीं, विवेक नाहीं, आणि अंगावर आलेल्यास मारणें हें आत्मरक्षण आहे. कथेपुरतें हें उत्तर खरें आहे. परंतु आपल्या वेताळपंचविशींतील प्रेत क्षणभर आठवावें. राजाच्या खांद्यावर तें बोलतें, गोष्ट सांगतें आणि अखेरीस न्यायाचा प्रश्न विचारतें. तें बोलतें, म्हणूनच राजास त्याला उत्तर द्यावें लागतें. पडद्यावरील प्रेतास मात्र वाचा दिलेली नाहीं. तें बोलत नाहीं, तें झुंडीनें येतें, आणि त्याचा संसर्ग बाधतो. हीं तीन लक्षणें जुळलीं कीं आपली दया थांबते. आमची अडचण येथेंच सुरू होते. कारण इतिहासांत हीं लक्षणें जिवंत माणसांनाच वारंवार चिकटविण्यांत आलीं आहेत.

'झाँबी' या शब्दाचीच कुळकथा पाहा. तो कॅरिबियन समुद्रांतील हैती देशाचा. फ्रेंचांच्या अमलांत तेथें आफ्रिकेंतून धरून आणलेले गुलाम उसाच्या मळ्यांत राबत. १७९१ सालीं त्यांनीं बंड केलें व १८०४ सालीं आपला देश स्वतंत्र केला. परंतु दास्याची आठवण लोककथेंत उरली. त्या कथेंतील झाँबी कोणास खात नाहीं. मांत्रिकानें थडग्यांतून उठवून शेतांत राबविलेलें तें एक मुकें प्रेत असतें. त्यानें चुकून मीठ चाखलें तर त्यास आपल्या स्थितीची जाणीव होते, आणि तें थडग्याकडे परत चालूं लागतें. मरण तरी आपली सुटका करील ही गुलामाची शेवटची आशा. तीही हिरावली जाईल, हें त्या कथेंतील भय. तेथील मनुष्य भीत असे तो झाँबीस नव्हे, झाँबी होण्यास.

१९१५ पासून १९३४ पर्यंत हैती अमेरिकन सैन्याच्या ताब्यांत होती. याच काळांत ही कथा अमेरिकेंत पोंचली, आणि १९३२ सालीं 'व्हाइट झाँबी' हा चित्रपट निघाला. त्यांत प्रेतें साखरेच्या कारखान्यांत निमूटपणें राबतांना दिसतात. म्हणजे मूळ कथेचा धागा अद्याप तुटला नव्हता. रोमेरोच्या चित्रपटांत झाँबी हा शब्दही नाहीं. परंतु पुढें त्याच्या मांसभक्षक प्रेतांसच तें नांव कायमचें लागलें. ज्याची कीव करावयाची, तो नेमबाजीचें निशाण झाला. आणि त्यास राबविणारा मांत्रिक मात्र कथेंतून सहीसलामत निसटला!

कोणी म्हणेल, 'पण त्या जगांत दया करणारा मरतोच ना?' होय, मरतो. रोमेरोच्या चित्रपटांत तळघरांत एक आई आहे. तिच्या लहान मुलीस प्रेतानें चावलें आहे. मुलगी मरते, उठते आणि आईवर चालून येते. आईचा हात उचलत नाहीं. मुलगी हातीं आलेल्या हत्यारानें तिचा प्राण घेते. या प्रसंगीं पाहणारा मनांतल्या मनांत ओरडतो, 'अग, मार तिला!' एरवीं मुंगीवर पाय न देणारा गृहस्थ एका आईस पोटच्या मुलीवर घाव घालावयास सांगतो, आणि आपण कांहीं भलतें सांगितलें असें त्यास वाटत नाहीं. याचें कारण कथेची रचना. तें जगच असें रचलें आहे कीं त्यांत ममतेचें फळ मृत्यु आणि निष्ठुरतेचें फळ जीवित. कथाकारास असें जग रचण्याची मोकळीक आहे. मात्र आपण राहतों तें जगही असेंच आहे, असें जो कोणी आपणांस सांगेल, त्याच्यापासून सावध राहिलें पाहिजे.

आपलें जग असें नाहीं, याचा पुरावा फार दूरचा नाहीं. २०२० सालच्या साथींत संसर्गाचें भय खरें होतें. त्यांत अतिशयोक्ति नव्हती. रुग्णांच्या दारांवर फलक लागले, ओळखीचे लोक जिन्यांत तोंड फिरवूं लागले. परंतु त्याच दिवसांत परिचारिका रुग्णांजवळ गेल्या, आणि ज्यांच्या प्रेतांजवळ आप्तही जाऊं शकले नाहींत त्यांस परक्यांनीं अग्नि दिला. जवळ जाणाऱ्यांपैकीं कांहीं मेलेही. पण साथींतून समाज तरला तो या जवळ जाणाऱ्यांमुळें, दार लावून बसलेल्यांच्या शौर्यामुळें नव्हे. तसेंच, ज्यांच्या घरीं स्मृति गेलेलें वडील माणूस आहे त्यांस विचारा. तें बोलत नाहीं, पोटच्या मुलास ओळखत नाहीं, रात्रीं उठून घरभर चालत राहतें, प्रसंगीं अंगावर हातही टाकतें. तरी सून त्याच्या तोंडांत घांस घालते. ओळख देईल तोच आपला, असा नियम केला असता तर कित्येक घरांतील अंथरुणें केव्हांच रिकामीं झालीं असतीं.

आतां त्याच चित्रपटाचा शेवट पाहा. बेन नांवाचा नायक (ती भूमिका डुएन जोन्स या कृष्णवर्णीय नटानें केली आहे) रात्रभर प्रेतांशीं झुंजतो. बंदुकीच्या झटापटींत एका जिवंत सोबत्यावरही तो गोळी झाडतो. मारण्याची परवानगी एकदां मिळाली कीं ती कोठें थांबत नाहीं, हें दिग्दर्शकानें येथेंच दाखविलें आहे. सर्व मरतात, बेन एकटा वांचतो. सकाळीं शेरीफ व त्याचे लोक प्रेतें टिपीत येतात. आवाज ऐकून बेन सावधपणें खिडकीशीं येतो. दुरून त्यांस एक हलती आकृति दिसते. नेम धरला जातो, आणि गोळी त्याच्या कपाळांत बसते. मग आंकड्यांनीं ओढून त्याचा देह इतर प्रेतांसह चितेवर टाकला जातो. 'कोण आहे?' एवढी एक हाक कोणी मारली असती तर तो जगला असता. पण ज्यांना उत्तराची अपेक्षाच नाहीं ते हाक कशाला मारतील? रात्रभर बेननें जो नियम पाळला, त्याच नियमानें सकाळीं त्याचा बळी घेतला. त्या वर्षीं अमेरिकेंत कृष्णवर्णीयांच्या हक्कांवरून रक्त सांडलें होतें. तेथील प्रेक्षकांस या दृश्याचा अर्थ वेगळा सांगावा लागला नसेल.

म्हणून असले चित्रपट घरांत आणूंच नयेत, असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांतील हलके चित्रपट निर्दयपणाची मौज देऊन संपतात. उत्तम चित्रपट तीच मौज देतात आणि शेवटीं तिचें मोल मागतात. घरीं पाहण्यांत एक सोयही आहे: चित्र थांबवितां येतें. पुष्कळ लोक या सोयीचा उपयोग डोकें फुटण्याचें दृश्य पुन्हां पाहण्याकडे करतात. आमची सूचना एवढीच कीं बेन खिडकीशीं येतो तेथें एकदां चित्र थांबवावें आणि शेजारीं बसलेल्या मुलांस विचारावें, 'हा जिवंत आहे हें आपणांस ठाऊक आहे; बाहेरच्या माणसांस तें कसें कळलें असतें?' मुलें उत्तर लवकर देतील. तें उत्तर त्यांच्या लक्षांत राहिलें, तर पुढें कोणत्याही झुंडीकडे बोट दाखवून 'हे माणसें नव्हेत' असें त्यांस कोणी सांगूं लागला, तर गोळीपूर्वीं हाक मारण्याची बुद्धि त्यांस होईल.